लग्न दोनच वर्षं टिकलं, मग घर कुणाचं?

माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचा घटस्फोट झाला, लग्नाला दोन वर्षं आणि वर थोडेच महिने झाले होते. तिला विचारूनच लिहितेय, नाव टाकत नाही. भांडणं, रडारड, दोन्हीकडच्यांचे फोन हे सगळं झालंच, पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलीय ती एक संध्याकाळ जेव्हा आम्ही दोघी तिच्या घरात फरशीवर बसलो होतो आणि समोर बँक स्टेटमेंटच्या प्रिंटा पसरल्या होत्या. तिच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की लग्नाच्या आधीच्या वर्षापासूनचं सगळं काढा. आमच्याकडे तीन हायलायटर होते, पिवळा तिच्या पैशांसाठी, हिरवा त्याच्या पैशांसाठी आणि गुलाबी दोघांच्या. तासाभरात गुलाबी संपत आला होता.

ती मधेच थांबली आणि मला म्हणाली, "अगं पण अर्धं अर्धंच होतं ना सगळं? मग हे कशाला करतोय आपण?"

मलाही तसंच वाटायचं. लग्न म्हणजे सगळं दोघांचं, मोडलं की मधोमध रेघ मारायची. नंतर मी यावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं, तिच्या वकीलबाईंना मला सुचतील ते सगळे प्रश्न विचारले (त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, त्यांचे खरंच उपकार), आणि कळलं की लग्न कमी दिवसांचं असलं की बऱ्याच ठिकाणी कोर्ट त्या रेघेपासून सुरुवातच करत नाही, किंवा केली तरी तिथे थांबत नाही. मोठ्या संसारात वीस-पंचवीस वर्षांत कोणी काय आणलं हे इतकं मिसळून जातं की ते वेगळं करणं अशक्य असतं आणि अन्यायाचंही असतं. दोन-तीन वर्षांत मात्र ते अजून दिसत असतं. म्हणून कोर्ट आधी विचारतं, तू येताना काय घेऊन आलीस, तो काय घेऊन आला, आणि मधल्या काळात दोघांनी मिळून काय उभं केलं.

आता कमी दिवसांचं म्हणजे किती, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. न्यूझीलंडच्या १९७६ च्या कायद्यात सरळ आकडा आहे, तीन वर्षं. तीन वर्षांच्या आत मोडलं तर अर्ध्या-अर्ध्याचा नियम काही बाबतीत सुटतो, म्हणजे राहतं घर जर लग्नाच्या सुरुवातीला पूर्णपणे किंवा बहुतांशी एकाचंच असेल तर त्याची वाटणी दोघांनी संसारात काय योगदान दिलं त्यावर होते. इंग्लंडमध्ये आकडाच नाही, तिथे १९७३ च्या कायद्यात कलम २५ मध्ये एक यादी आहे ज्या गोष्टी जज्जने बघायच्या आणि त्यात दोघांचं वय आणि लग्न किती काळ चाललं हे एका ओळीत आहे, बाकी सगळं जज्जवर सोडलंय. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात पाच वर्षं.

मला सगळ्यात पटलेली पद्धत स्वीडनची आहे. तिथे एरवी दोघांची मालमत्ता एकत्र करून निम्मी करतात, पण लग्न पाच वर्षांच्या आत मोडलं तर दर वर्षाला एक पंचमांश धरतात. समजा एकाकडे शंभर आहेत आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. दोन वर्षं झाली तर शंभरातले चाळीसच वाटणीत येतात, त्याचे अर्धे वीस दुसऱ्याला. चार वर्षं झाली तर चाळीस. पाच पूर्ण झाली की पन्नास. जिना चढल्यासारखं. पहिल्या दिवशी सगळं दोघांचं होत नाही, हळूहळू होत जातं, आणि मला वाटतं माणसं राहतातही तशीच, पहिल्या वर्षी आपण 'तुझा टीव्ही' म्हणतो आणि चौथ्या वर्षी 'आपला' म्हणतो. ऑन्टारियोतल्या काही निकालांतही असंच गणित दिसतं, एकत्र राहिलेले महिने भागिले साठ, म्हणजे पाच वर्षांचे महिने.

पण मग पुढचा प्रश्न, आणि हा मला वाटतं लोकांना माहीतच नसतो, की घड्याळ सुरू कधी होतं? लग्नाच्या तारखेपासून? माझी मैत्रीण आणि तो लग्नाआधी दीड वर्ष एकाच घरात राहत होते. म्हणजे सर्टिफिकेटवर दोन वर्षं आणि खरा संसार साडेतीन वर्षांचा. इंग्लंडमध्ये एकत्र राहणं आणि लग्न यात खंड नसेल तर कोर्ट सहसा तो काळ एकच धरतं. न्यूझीलंडमध्येही लगेच आधीचा सहवास मोजला जातो, आणि ऑन्टारियोच्या कायद्यात तर शब्दच सहवासाचा काळ असा आहे. म्हणजे कोणी म्हणालं की आमचं लग्न दोनच वर्षांचं तर वकील आधी विचारणार, एका छताखाली कधीपासून? मैत्रिणीकडे याचा पुरावा म्हणून काय निघालं तर विजेचं बिल, दोघांची नावं असलेला भाडेकरार आणि एका कपाटाची डिलिव्हरी पावती. ती पावती ठेवावी असं तिला तेव्हा का वाटलं कोण जाणे.

दुसरं टोकही असतं. संसार संपला कधी? कॅलिफोर्नियात लग्नापासून वेगळं होण्याच्या तारखेपर्यंत दोघांनी जे कमावलं ते दोघांचं, निम्मं निम्मं, आणि तिथे लग्न दोन वर्षांचं की वीस वर्षांचं याने मालमत्तेच्या वाटणीत फरक पडत नाही. फक्त दोन वर्षांत साठलेलं मुळात कमी असतं. तिथे काळाचा फरक पडतो तो पोटगीत, दहा वर्षांच्या आतलं लग्न असेल तर साधारण लग्नाच्या निम्म्या काळापुरती पोटगी असा अंदाज धरतात. मॅसॅच्युसेट्समध्ये पाच वर्षांपर्यंतच्या लग्नाला हे महिन्यांत मोजतात, जास्तीत जास्त लग्नाच्या महिन्यांच्या निम्मे महिने.

आता घराकडे येते, कारण खरं दुखणं तिथेच होतं.

त्या स्टेटमेंटमध्ये एक ओळ होती. लग्नाच्या चार महिने आधी तिने आपली मुदत ठेव मोडली होती, नोकरी लागल्यापासून साठवलेली, आणि ते पैसे दोघांच्या जॉइंट अकाउंटमध्ये टाकले, तिथे ते अकरा दिवस पडून होते आणि बाराव्या दिवशी घराच्या डाउन पेमेंटला गेले. पुढचे हप्ते दोघांनी भरले, तो थोडे जास्त. घर दोघांच्या नावावर. तर ती ओळ पिवळी की गुलाबी? तिने आधी पिवळा उचलला, मग खाली ठेवला, मग माझ्याकडे बघत राहिली. अकरा दिवस ते पैसे दोघांच्या खात्यात होते म्हणून ते दोघांचे झाले का?

याला सगळीकडे चालेल असं एक उत्तर नाही. कॅलिफोर्नियात घर दोघांचं असलं तरी डाउन पेमेंट एकाच्या स्वतंत्र पैशातून गेलं हे कागदाने दाखवता आलं आणि त्याने तो हक्क लेखी सोडलेला नसेल तर तेवढी रक्कम आधी त्याला परत मिळते, पण व्याज नाही आणि घराची किंमत वाढली त्यातला जादा वाटाही नाही, जेवढे टाकले तेवढेच. आणि पैसे मिसळून गेले, माग काढता येईना, तर ते गेले, दोघांचे झाले. स्कॉटलंडच्या १९८५ च्या कायद्यात उलटं आहे, तिथे लग्नाआधी घेतलेलं घरसुद्धा जर संसारासाठीच घेतलं असेल तर ते संसारातली मालमत्ता धरतात, पण पैसे कुठून आले हे समान वाटणी न करण्याचं कारण म्हणून मांडता येतं. ऑन्टारियोत तर राहत्या घराला खास वागणूक आहे. बाकी आधीच्या मालमत्तेची लग्नाच्या दिवशीची किंमत वाटणीच्या हिशोबातून वजा मिळते पण लग्नात सोबत आणलेलं घर जर वेगळं होताना राहतं घर असेल तर त्याची वजा मिळत नाही, म्हणून तिथे छोट्या लग्नात आधीपासून घर असलेल्या माणसाला मोठा फटका बसू शकतो, आणि ते पाच वर्षांचं कलम याच लोकांच्या कामाला येतं. तेसुद्धा सहज नाही, निम्मं देणं हे कोर्टाच्या सदसद्विवेकाला धक्का बसण्याइतकं अन्यायाचं आहे असं दाखवावं लागतं.

जर्मनीत ही भानगड बरीच कमी होते कारण तिथे वस्तू वाटतच नाहीत, वाढ वाटतात. लग्नाच्या दिवशी तुझ्याकडे किती होतं, शेवटी किती आहे, त्याच्याकडे किती होतं, किती आहे, ज्याची वाढ जास्त त्याने फरकाचं निम्मं दुसऱ्याला द्यायचं. वारसाहक्काने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलं सुरुवातीच्या आकड्यातच धरतात म्हणजे ते वाटणीत येत नाही. आणि तीन वर्षांच्या आतलं लग्न असेल तर पेन्शनची वाटणी होतच नाही, दोघांपैकी कोणी मागितली तरच.

इंग्लंडचे निकाल वाचण्यात माझा खूप वेळ गेला कारण तिथे जज्ज आपला विचार मोठमोठ्या परिच्छेदांत लिहून ठेवतात आणि तो वाचताना कळतं की त्यांनाही हे अवघड जातंय. २००६ चा मिलर खटला. लग्न तीन वर्षांपेक्षा कमी, मुलं नाहीत, नवरा प्रचंड श्रीमंत, आणि बायकोला ५० लाख पौंड मिळाले, हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) ते कायम ठेवले. तेव्हा खूप लोकांना राग आला होता, तीन वर्षांचे एवढे? पण निकाल वाचला तर मुद्दा वेगळाच आहे. त्यातले एक जज्ज लॉर्ड निकोल्स म्हणतात की लग्न छोटं असो की मोठं, दोघं बरोबरीचे हे तत्त्व तसंच राहतं, फक्त आधीपासूनची किंवा बाहेरून आलेली संपत्ती छोट्या लग्नात बाजूला ठेवायला जास्त जागा असते. त्या लग्नाच्या काळात नवऱ्याच्या नव्या कंपनीतल्या शेअर्सची किंमत अफाट वाढली होती. त्या वाढीचा विचार झाला, आणि तरी तिला निम्म्यापेक्षा खूपच कमी मिळालं. नवऱ्याने दुसऱ्या बाईसाठी लग्न मोडलं याला मात्र पैशांच्या हिशोबात जागा नाही असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय. माझ्या मैत्रिणीला महिनोन् महिने हेच वाटत होतं की चूक त्याची आहे तर घर मला मिळालं पाहिजे. पुष्कळ देशांत चूक कोणाची हे वाटणीत धरतच नाहीत किंवा अगदी टोकाचं वागणं असेल तरच धरतात. हे तिने ऐकलं त्या दिवशी ती खूप रडली. वाटणीचं कोर्ट तिला तिची बाजू खरी असं म्हणणार नव्हतं, ते फक्त आकडे बघणार होतं, आणि ते पचवायला वेळ लागतो. लागू द्यावा.

मिलरच्या आधी २००३ मध्ये फॉस्टर म्हणून एक खटला आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो कारण त्यातली माणसं आपल्यासारखी आहेत, कोट्यधीश नाहीत. चार वर्षांचं लग्न, मुलं नाहीत, दोघं मिळून घरं घेऊन दुरुस्त करून विकायचे. खालच्या जज्जने साधा मार्ग काढला, ज्याने जे आणलं ते त्याला परत आणि मधल्या चार वर्षांत जो नफा झाला तो निम्मा निम्मा. वरच्या एका कोर्टाने ते बदललं आणि अपील कोर्टाने परत मूळ निकाल कायम केला. पगार एकाचा जास्त असला तरी दोघंही जमेल तसं कष्ट करत होते तर नफ्यात भेद करायचा नाही, हा त्यातला विचार. मला वाटतं छोट्या लग्नासाठी याहून सरळ काही नसेल.

आणि २०१७ चा शार्प, तो उलट्या बाजूचा. बायको मोठ्या बोनसवाली, नवऱ्याचा पगार त्यामानाने कमी, साधारण सहा वर्षं एकत्र त्यातली चार लग्नाची, मुलं नाहीत, हॉटेलचं बिलसुद्धा अर्धं अर्धं करायचे. खालच्या कोर्टाने नवऱ्याला निम्मं म्हणजे २७ लाख पौंडांहून थोडं जास्त दिलं होतं, अपील कोर्टाने ते २० लाखांवर आणलं. कारण दिलं की लग्न कमी काळाचं, मूल नाही, दोघं कमावते आणि पैसे वेगवेगळे ठेवलेले. हे चारही एकत्र असतील तर निम्म्यापासून बाजूला जाता येतं. म्हणजे तुम्ही पैसे कसे ठेवता, वेगळे की एकत्र, हाही कोर्टाला तुमच्या संसाराबद्दल काहीतरी सांगत असतो.

मूल असलं की मात्र हे सगळं मागे पडतं. लग्न अठरा महिन्यांचं असलं तरी मूल पुढची अठरा वर्षं आहे, मग कोर्ट आधी बघतं की मूल कुठे राहणार आणि ज्याच्याकडे राहणार त्याला छप्पर कसं मिळणार.

भारतातलं विचाराल तर इथे लग्नाच्या काळातली सगळी मालमत्ता दोघांची असा नियमच नाही (गोव्यात आहे, पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे). ज्याच्या नावावर त्याचं, असं साधारण. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २७ आहे पण ते लग्नाच्या वेळी किंवा आसपास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल आहे. स्त्रीधन पूर्णपणे बायकोचं हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये ठाम सांगितलंय, नवऱ्याकडे ते असलं तरी तो फक्त सांभाळणारा. बाकी सगळा भार याच कायद्याच्या कलम २५ च्या कायमच्या पोटगीवर येतो, आणि २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात कोर्टाने म्हटलंय की ती ठरवताना लग्न किती काळ चाललं हे बघायचं. त्याच निकालापासून दोघांनाही आपली मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. पण घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि बायकोने दोन वर्षं घरखर्च चालवला म्हणून त्याला हप्ते भरता आले, अशा बाईला घरात वाटा मागायला सरळ दारच नाही. हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता त्या फरशीवर परत येते. रात्री उशिरा ओळी रंगवत असताना मला दिसलं की तिच्या पगाराची ओळ एका महिन्यानंतर येतच नाही. पान उलटलं, तिथेही नाही. सात महिने नाही. मी विचारलं तर ती म्हणाली, "तेव्हा त्याची बदली झाली ना, मी नोकरी सोडली, मग नवी मिळेपर्यंत." आणि नवी मिळाली ती कमी पगारावर, ते पुढच्या ओळींत दिसतच होतं.

त्या सात महिन्यांना कुठला रंग द्यायचा? आलेल्या पैशाला रंग देता येतो, न आलेल्या पैशाची ओळच नसते. छोट्या लग्नात जो 'तू काय आणलंस' हा हिशोब आहे त्यात हेच निसटतं, आणि बहुतेक वेळा बाईचंच निसटतं. लग्न दोन वर्षांत संपतं पण सोडलेली नोकरी परत त्या पायरीवर मिळत नाही, त्याचा फटका दहा वर्षं चालतो. स्कॉटलंडच्या कायद्यात यासाठी वेगळं तत्त्व आहे, दुसऱ्याच्या किंवा घराच्या भल्यासाठी एकाने जे आर्थिक नुकसान सोसलं त्याची दखल घ्यायची. इंग्लंडमध्ये त्याच २००६ च्या निकालात वाटणीचे तीन पाय सांगितलेत, गरज, भरपाई आणि वाटून घेणं, त्यातली भरपाई ती हीच, पण नंतरच्या कोर्टांनी ती फार क्वचित दिलीय. मागणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की नोकरी सोडली नसती तर मी आज कुठे असते, आणि ते कुठल्या स्टेटमेंटमध्ये असतं?

मैत्रिणीने एक कोरा कागद घेतला. त्यावर हाताने तारखा लिहिल्या, राजीनामा कधी दिला, शेवटचा पगार किती, बदलीचं पत्र त्याला कधी आलं, तिने किती ठिकाणी अर्ज केले, नवा पगार किती. राजीनाम्याच्या मेलमध्ये तिने कारण लिहिलं होतं, नवऱ्याच्या बदलीमुळे, ती मेल प्रिंट करून मागे जोडली. वकीलबाईंनी तो कागद टाइप करून न घेता तसाच फाइलमध्ये लावला.

मध्यस्थाच्या समोर तीन बैठका झाल्या. डाउन पेमेंटच्या ओळीवर वाद झालाच नाही, मध्यस्थाने त्याला विचारलं आणि तो म्हणाला हो, ते तिचेच साठवलेले होते. ते तिला परत मिळाले आणि वरची वाढ निम्मी झाली. दोन्ही उरलेल्या बैठका त्या हाताने लिहिलेल्या कागदावर गेल्या. शेवटी सात महिन्यांपैकी चार महिन्यांच्या जुन्या पगाराएवढी रक्कम त्याने मान्य केली. तिने सही करायच्या आधी मला फोन केला आणि विचारलं, "चार कमी आहेत का गं?" मी म्हटलं कमी आहेत. ती म्हणाली, "हो, पण लिहिले गेले," आणि आत सही करायला गेली.